जिना बांधताना: पायऱ्या आणि हँडरेलची मापं कशी ठरवायची

घराचा नकाशा घेऊन बसलं की जिन्याबद्दल बहुतेकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: पायरी किती इंचाची ठेवायची? तो विचारायलाच हवा, पण त्याच्याआधी एक प्रश्न येतो. सगळ्या पायऱ्या एकसारख्या येतील याची काय व्यवस्था केली आहे?

जिना चढताना आपण पायांकडे बघत नाही. पहिल्या दोन-तीन पायऱ्यांत पायाला उंचीचा अंदाज येतो आणि पुढे तो त्याच अंदाजाने पडत जातो. पाऊल पायरीच्या कडेवरून अगदी थोडक्या अंतराने पुढे सरकतं. मधेच एखादी पायरी बोटभर उंच निघाली की ठेच लागते, बोटभर खाली निघाली की उतरताना पाय हवेत जातो. म्हणूनच अमेरिकेची निवासी संहिता पायऱ्यांच्या एका सलग टप्प्यातल्या सर्वांत उंच आणि सर्वांत बुटक्या पायरीत 9.5 मिलिमीटरपेक्षा जास्त फरक चालवून घेत नाही. जरा जास्त उंच, पण एकसारख्या पायऱ्यांची माणसाला सवय होते. वेड्यावाकड्या पायऱ्यांची होत नाही.

आधी शब्द पक्के करून घेऊ. पायरीची उभी उंची म्हणजे राइझर. पाऊल ठेवायची आडवी जागा म्हणजे ट्रेड. ट्रेडची पुढे आलेली कड म्हणजे नोझिंग. दोन सपाट जागांमधला पायऱ्यांचा सलग टप्पा म्हणजे फ्लाइट, आणि ती सपाट जागा म्हणजे लँडिंग. खाली पडू नये म्हणून असतो तो कठडा, हाताने धरायची असते ती हँडरेल. या शेवटच्या दोन गोष्टी एकच समजल्यामुळे बरेच घोटाळे होतात. त्याबद्दल पुढे.

पायरी 1: कोणते नियम लागू आहेत ते आधी विचारा

नकाशा ज्या कार्यालयात मंजूर होणार, तिथलीच नियमावली तुम्हाला बांधील असते. राष्ट्रीय संहिता हा पाया असतो आणि स्थानिक नियम त्यात फेरफार करतात. वास्तुकाराला पहिल्याच बैठकीत विचारा: किमान ट्रेड किती, कमाल राइझर किती, एका फ्लाइटमध्ये जास्तीत जास्त किती पायऱ्या, जिन्याची रुंदी, हेडरूम (डोक्यावरची मोकळी जागा), हँडरेलची उंची. ही सहा मापं कागदावर लिहून घ्या.

आकडे देशोदेशी कसे बदलतात ते पाहा. भारताच्या राष्ट्रीय इमारत संहितेत घरातल्या जिन्याला ट्रेड किमान 250 मिमी आणि राइझर कमाल 190 मिमी आहे, आणि एका फ्लाइटमध्ये पंधरापेक्षा जास्त राइझर घेता येत नाहीत. शाळा, कार्यालयं, सभागृहं अशा इमारतींना ट्रेड 300, राइझर 150 आणि फ्लाइटमध्ये बारा राइझर अशी कडक मर्यादा आहे. अमेरिकेत घरासाठी राइझर 196 मिमीपर्यंत चालतो आणि ट्रेड किमान 254 हवा. इंग्लंडमध्ये खासगी घरात राइझर 220 पर्यंत आणि ट्रेड 220 पासून चालतो, मात्र जिन्याचा चढ 42 अंशांच्या वर जाता कामा नये. म्हणजे 220 चा राइझर आणि 220 चा ट्रेड अशी जोडी तिथेही बसत नाही, कारण तिचा चढ 45 अंश होतो.

हे सगळे आकडे कमाल आणि किमान आहेत. नियमात बसणारा सर्वांत उभा जिना बांधला पाहिजे असं कुठेच म्हटलेलं नाही. घरात वयस्कर माणसं असतील, किंवा तुम्ही स्वतः त्याच घरात म्हातारे होणार असाल, तर राइझर 165 ते 170 आणि ट्रेड 280 च्या आसपास ठेवा. जागा थोडी जास्त जाते. ती जाऊ द्यावी, हे माझं ठाम मत आहे.

पायरी 2: राइझर आणि ट्रेडची जोडी जमवा

फ्रान्स्वा ब्लाँदेल या फ्रेंच वास्तुकाराने 17व्या शतकात एक साधं सूत्र मांडलं, ते आजही चालतं: दोन राइझर अधिक एक ट्रेड यांची बेरीज माणसाच्या एका सहज पावलाइतकी यावी. आज ही बेरीज साधारण 600 ते 640 मिमी धरतात. इंग्लंडच्या नियमात तर हे सूत्र सरळ घातलेलं आहे, तिथे 550 ते 700 ही मर्यादा आहे. राइझर कमी केला तर ट्रेड वाढवायचा, राइझर वाढला तर ट्रेड कमी. बुटकी पायरी आणि आखूड ट्रेड असं एकत्र आलं की पावलं अडखळतात.

ट्रेड कसा मोजायचा? एका नोझिंगच्या टोकापासून पुढच्या नोझिंगच्या टोकापर्यंत, आडवा. 300 मिमी रुंदीची लादी बसवली म्हणून ट्रेड 300 झाला असं नाही. वरच्या पायरीचं नोझिंग त्यावर 25 मिमी आलं असेल तर तुमचा ट्रेड 275 आहे. चढताना हे जाणवत नाही, कारण आपण चवड्यावर चढतो. उतरताना मात्र पूर्ण पाऊल टेकवावं लागतं, आणि ट्रेड कमी पडला की पाय तिरका ठेवावा लागतो.

पायरी 3: उंची मोजा, पण तयार फरशीपासून तयार फरशीपर्यंत

या पायरीवर घाई करू नका. सगळ्यात जास्त जिने इथेच बिघडतात, आणि बिघडले हे लादी बसल्यावरच कळतं.

एक उदाहरण घेऊ. खालच्या कच्च्या कोब्यापासून वरच्या स्लॅबच्या वरच्या पृष्ठभागापर्यंत उंची 3000 मिमी आहे. मिस्त्री हिशोब करतो: अठरा राइझर, 3000 भागिले 18, म्हणजे 166.7. सेंटरिंग, म्हणजे काँक्रीटचा साचा, त्याप्रमाणे लागतं, काँक्रीट पडतं, सगळ्या पायऱ्या अगदी सारख्या येतात. काम चोख दिसतं.

मग फरशीवाला येतो. खालच्या मजल्यावर भर आणि फरशी मिळून 75 मिमी चढतात. वरच्या मजल्यावर 50. पायऱ्यांवर मसाला आणि दगड मिळून 40. आता मोजा. पहिल्या पायरीचा वरचा भाग 40 ने वर आला, पण तिच्या पायथ्याची जमीन 75 ने वर आली. पहिला राइझर उरला 131.7. मधले सगळे 166.7 च राहिले. शेवटच्या राइझरला वरची फरशी 50 ने उचलते आणि खालची पायरी 40 ने, म्हणून तो झाला 176.7. पहिल्या पायरीत 35 मिमीचा खड्डा पडला आणि शेवटच्या पायरीला 10 मिमीची ठेच आली. कोणाचंच काम चुकलेलं नाही. चुकला तो हिशोब.

बरोबर हिशोब असा. तयार फरशी ते तयार फरशी उंची: 3000 अधिक 50 वजा 75, म्हणजे 2975. भागिले 18, राइझर 165.3. आता यावरून उलटं कच्च्या कामाकडे या. कच्च्या कामात पहिला राइझर 165.3 अधिक 75 वजा 40, म्हणजे 200.3 हवा. शेवटचा 165.3 वजा 50 अधिक 40, म्हणजे 155.3. मधले सोळा 165.3 चे. बेरीज करून पाहा, बरोबर 3000 येते. कच्चा जिना डोळ्याला वेडावाकडा दिसेल आणि मिस्त्री हमखास म्हणेल, ‘साहेब, पहिली पायरी फार उंच होतेय.’ होऊ द्या. लादी बसली की सगळ्या सारख्या होतात.

यासाठी फरशीची जाडी सेंटरिंग लागण्याआधी ठरलेली हवी. लाद्या नंतर निवडायच्या असतील तर निवडा, रंग बदला, पण जाडी आधी ठरवून तीवर ठाम राहा. मधल्या लँडिंगवर पायऱ्यांपेक्षा वेगळ्या जाडीचं काम येणार असेल तर त्याच्या खालच्या आणि वरच्या राइझरलाही हाच हिशोब लावा.

आणखी एक: पायऱ्यांच्या खुणा टेपने एकावर एक मोजत जाऊ नका. 165, मग त्यावर 165, असं करत गेलात की प्रत्येक खुणेतली चूक साठत जाते आणि सगळी शेवटच्या पायरीवर येऊन पडते. बाजूच्या भिंतीवर लेव्हल पाइपने (पाणी भरलेल्या नळीने) खालच्या आणि वरच्या तयार फरशीची रेघ मारा, आणि प्रत्येक पायरीची उंची खालच्या रेघेपासूनच मोजा: 165, 331, 496, 661 अशी. एका फळीवर या खुणा करून ती फळी उभी लावली तरी काम होतं.

पायरी 4: लांबी, लँडिंग आणि डोक्यावरची जागा

आपल्या उदाहरणात अठरा राइझर आहेत. एका फ्लाइटला पंधराची मर्यादा असेल तर मधे लँडिंग लागणारच. नऊ-नऊचे दोन टप्पे केले तर प्रत्येक फ्लाइटमध्ये आठ ट्रेड येतात, नऊ नाहीत, कारण शेवटचा राइझर चढलात की तुम्ही लँडिंगवर असता. आठ गुणिले 280, म्हणजे 2240 मिमी. शिवाय लँडिंग, जे जिन्याच्या रुंदीपेक्षा कमी खोल असू नये. जागेचा अंदाज घेताना ट्रेड आणि राइझर एकास एक धरले तर एका ट्रेडची लांबी चुकते.

हेडरूम नोझिंगच्या टोकांना जोडणाऱ्या तिरक्या रेषेपासून सरळ वर मोजायची. भारतात 2.2 मीटर, इंग्लंडमध्ये 2 मीटर, अमेरिकेत घरासाठी 2.03 मीटर. सरळ जिन्यात वरच्या स्लॅबच्या मोकळ्या भागाच्या कडेला बीम असते आणि डोकं तिथेच आपटतं. आपल्याच आकड्यांनी पाहू: बीम 375 मिमी खोल, त्यावर 50 ची फरशी. 2975 मधून हे वजा केलं की बीमचा तळ खालच्या फरशीपासून 2550 वर येतो. दुसऱ्या पायरीची उंची 331, म्हणजे तिच्यावर 2219 मोकळे आहेत, चालेल. तिसरीची 496, तिच्यावर 2054 उरतात. हे इंग्लंड-अमेरिकेच्या नियमात बसेल, 2.2 च्या नियमात नाही. म्हणजे बीमची आतली कड दुसऱ्या पायरीच्या नोझिंगजवळच संपली पाहिजे. हे नकाशावर तपासणं सोपं आहे. काँक्रीट झाल्यावर बीम हलत नाही.

मधल्या लँडिंगखालून दरवाजा काढायचा विचार असेल तर तो लगेच तपासून घ्या. लँडिंग साधारण दीड मीटरवर असतं, त्यातून स्लॅबची जाडी गेली की ताठ उभंही राहता येत नाही. पहिली फ्लाइट लांब आणि दुसरी आखूड करून किंवा खालची पातळी उतरवून मार्ग निघतो, पण तो नकाशातच काढावा लागतो.

दरवाजा थेट पायरीवर उघडू नये. त्याच्यासमोर लँडिंग हवं.

कोपऱ्यात लँडिंगऐवजी तिकोनी पायऱ्या काढायची टूम जागा वाचवण्यासाठी निघते. नियम त्यांना बंधनं घालतात. अमेरिकेत अरुंद टोकाला किमान 152 मिमी ट्रेड लागतो, आणि आतल्या बाजूपासून 305 मिमीवरच्या चालण्याच्या रेषेवर 254. इंग्लंडमध्ये अरुंद टोकाला 50 मिमी चालतं. माझा सल्ला असा की जागा निघत असेल तर सपाट लँडिंगच करा. पाय घसरला तर लँडिंगवर पडणं थांबतं, तिकोनी पायऱ्यांवर थांबत नाही.

पायरी 5: कठडा

पडण्याची जागा कुठेही असो, जिन्याची उघडी बाजू किंवा लँडिंगची कड, तिथे कठडा हवा. अमेरिकेचा नियम सांगतो की खालची जमीन 762 मिमीपेक्षा खोल असेल तर तो बंधनकारक आहे, आणि घरात लँडिंगसारख्या सपाट जागी त्याची उंची किमान 914 मिमी हवी. सार्वजनिक इमारतीत 1067.

गजांमधली फट ही लहान मुलांची बाब आहे, म्हणून इथे तडजोड नको. 100 मिमी व्यासाचा चेंडू कुठूनही पार जाता कामा नये, ही कसोटी इंग्लंड आणि अमेरिका दोन्हीकडे जवळजवळ सारखीच आहे. कारण सरळ आहे: त्याहून मोठ्या फटीतून बाळाचं अंग जातं आणि डोकं अडकतं. पायरी आणि खालच्या आडव्या पट्टीमध्ये जो त्रिकोण राहतो तो मोजायला लोक विसरतात. अमेरिकेत तिथे 152 मिमीपर्यंत सूट आहे, पण लहान मूल असलेल्या घरात मी ती घेणार नाही. उघड्या राइझरच्या जिन्यालाही, म्हणजे ज्यात दोन पायऱ्यांमधून आरपार दिसतं त्यालाही, हीच कसोटी लागते.

गज उभे लावा. आडव्या पाइपांचा किंवा ताणलेल्या तारांचा कठडा दिसायला हलका वाटतो आणि काही ठिकाणी नियमातही बसतो, पण मुलासाठी ती शिडीच होते.

बसवताना बेसप्लेटचे, म्हणजे खांबाच्या तळाच्या पट्टीचे, बोल्ट काँक्रीटमध्ये गेले पाहिजेत. लादी आणि मसाल्याची जाडी 40 मिमी असेल आणि बोल्ट 60 चा असेल तर खऱ्या काँक्रीटमध्ये तो जेमतेम 20 मिमी गेला. असा खांब सुरुवातीला घट्ट लागतो आणि काही महिन्यांत डुलायला लागतो. बोल्ट लांब घ्या, आणि भोक पायरीच्या अगदी कडेला पाडू नका, कड फुटते. अमेरिकेच्या नियमात कठड्याच्या माथ्यावर कुठेही 0.89 किलोन्यूटन, म्हणजे सुमारे 90 किलोचा जोर सहन व्हावा लागतो. काचेचा कठडा करायचा असेल तर काच टफन्ड (तापवून कणखर केलेली) आणि लॅमिनेटेड (मधे थर घालून दोन काचा चिकटवलेली) हवी. नुसती टफन्ड काच फुटली की एका क्षणात सगळी खाली येते आणि कठड्याच्या जागी मोकळी पोकळी उरते.

पायरी 6: हँडरेल

कठडा आहे म्हणजे हँडरेल आहे असं नाही. विटांच्या कठड्यावर सहा इंच रुंद ग्रॅनाइटची पट्टी बसवली की ती सुंदर दिसते, पण तोल गेल्यावर ती धरता येत नाही. बोटं तिला वेढा घालू शकत नाहीत, हात नुसता वरून घसरतो. हँडरेलचं एकच काम आहे, तोल गेलेल्या माणसाच्या मुठीत येणं. म्हणून गोल पाइप असेल तर अमेरिकेच्या नियमात व्यास 32 ते 51 मिमी सांगितला आहे. 38 ते 45 मिमी बहुतेक हातांना बसतो. भिंत आणि हँडरेल यांच्यामध्ये किमान 38 मिमी मोकळी जागा हवी. 50 ठेवली तर बोटांच्या पेरांना भिंत लागत नाही.

उंची नोझिंगपासून सरळ वर मोजा, उताराला काटकोनात नाही. काटकोनात मोजलं की हँडरेल प्रत्यक्षात ठरवल्यापेक्षा उंच बसते. भारतीय संहितेत 1000 मिमी, इंग्लंडमध्ये 900 ते 1000, अमेरिकेत 864 ते 965. पाहिलंत, एका देशातला योग्य आकडा दुसऱ्या देशात नापास होतो. म्हणून इंटरनेटवरून उचललेल्या नकाशावर भरवसा ठेवू नका.

अमेरिकेत चार किंवा जास्त राइझर असलेल्या फ्लाइटला किमान एका बाजूने हँडरेल बंधनकारक आहे. इंग्लंडमध्ये जिना एक मीटरपेक्षा रुंद असला की दोन्ही बाजूंनी लागते. माझं सांगणं असं की जिना कितीही अरुंद असो, जागा असेल तर दोन्ही बाजूंनी लावा. लकव्यानंतर ज्याचा एकच हात चालतो, त्याला चढताना एका बाजूची हँडरेल उपयोगी पडते आणि उतरताना दुसऱ्या बाजूची. मुलांसाठी 700 च्या आसपास दुसरी खालची दांडी लावता येते.

हँडरेल फ्लाइटभर सलग हवी. हात सरकवत नेताना मधे खांबाची गाठ किंवा ब्रॅकेट आलं की हात सुटतो, नेमका नको तिथे. ब्रॅकेट खालून लावा. सार्वजनिक इमारतीत हँडरेल वरच्या टोकाला साधारण 300 मिमी पुढे न्यायची असते, म्हणजे पहिली पायरी उतरण्याआधीच हातात आधार येतो. घरातही जागा असेल तर हे करा. टोकं भिंतीकडे वळवा, मोकळी सोडली तर त्यात बाही, ओढणी किंवा पिशवीचा बंद अडकतो.

हँडरेलमुळे जिन्याची रुंदी किती कमी होते तेही आधी बघा. भारतीय संहितेनुसार कठड्यामुळे जिन्याची किमान रुंदी घटता कामा नये. नकाशात 1000 लिहिलेला जिना गिलावा, लादी आणि कठडा झाल्यावर 900 चा उरतो, असं नेहमी होतं.

पायरी 7: पृष्ठभाग आणि उजेड

पॉलिश केलेला दगड पायरीवर नको. खरखरीत पृष्ठभाग घ्या किंवा कडेला खाचा पाडून घ्या. सगळ्या पायऱ्या एकाच रंगाच्या, एकाच नक्षीच्या असल्या की उतरताना कड दिसत नाही, विशेषतः मोतीबिंदू असलेल्यांना. कडेला वेगळ्या रंगाची सुमारे 50 मिमीची पट्टी द्या. बाहेरच्या जिन्याच्या ट्रेडला पुढच्या बाजूला अगदी थोडा उतार, 2 टक्क्यांपर्यंत, म्हणजे पाणी साचत नाही.

दिव्याचं बटण खाली आणि वर दोन्हीकडे हवं. अंधारात उतरून मग दिवा लावायचा, अशी वेळ येऊ नये. दिवा डोळ्यांवर येणार नाही आणि तुमचीच सावली पुढच्या पायरीवर पडणार नाही अशा जागी लावा.

पायरी 8: तपासणी, दोनदा

पहिली तपासणी काँक्रीट ओतण्याच्या आदल्या दिवशी. सेंटरिंगच्या प्रत्येक पायरीची उंची भिंतीवरच्या रेघेपासून मोजा आणि तुमच्या कागदावरच्या आकड्यांशी ताडून पाहा. पहिला आणि शेवटचा राइझर मुद्दाम वेगळे आहेत, हे मिस्त्रीला पुन्हा सांगा. नाहीतर तो चांगल्या हेतूने ‘दुरुस्त’ करून टाकेल.

दुसरी, लादी पूर्ण चिकटवण्याआधी. लाद्या नुसत्या ठेवून खालपासून वरपर्यंत प्रत्येक राइझर टेपने मोजा आणि लिहा. फरक 5 मिमीच्या आत असेल तर मसाला कमी-जास्त करून निघतो. एकच राइझर 20 किंवा 25 मिमीने चुकला असेल तर तेवढीच पायरी भरून किंवा छिलून भागत नाही, कारण एक राइझर सुधारला की शेजारचा बिघडतो. चुकलेला फरक फ्लाइटमधल्या सगळ्या राइझरमध्ये वाटून टाका. नऊ राइझरमध्ये 27 मिमी वाटले तर प्रत्येकाला 3 मिमी येतात. वाटताना भर जास्त चढत असेल तर त्याखाली बारीक खडीचं काँक्रीट लागेल, नुसता मसाला जाड थरात टिकत नाही. आणि लँडिंगची पातळी बदलावी लागली तर दुसऱ्या फ्लाइटचे राइझरही पुन्हा मोजा.

कठडा बसल्यावर प्रत्येक खांबाला माथ्याजवळ धरून बाहेरच्या दिशेने ढकला, पण जिन्याच्या आतल्या, सुरक्षित बाजूला उभं राहून. तळाशी लादी करकरली किंवा खांब हलला, तर वरून सिलिकॉन भरून काम झाकू देऊ नका. बेसप्लेट काढून बोल्ट किती आत गेलेत ते बघा.

ताबा घेण्याआधी जिना एकदा घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला हँडरेल धरून उतरायला सांगा, शेजारी कोणीतरी उभं ठेवून. हात कुठे सुटतो आणि पाऊल कुठे थबकतं ते बघा, आणि कंत्राटदार कामावर आहे तोवर त्याच जागा दुरुस्त करून घ्या.